जास्त खणांचं कॅबिनेट: घरच्या मीडिया साठ्यासाठी कोणतं घ्यावं आणि कसं भरावं

कॅबिनेटच्या खोक्यावर '१० ड्राइव्ह' असं ठळक छापलेलं असतं. त्या दहांत ३.५ इंची किती आणि २.५ इंची किती, ट्रे खोक्यातच मिळतात की वेगळे घ्यावे लागतात, सगळे खण भरल्यावर मधल्या डिस्कपर्यंत वारा पोचतो का, यातलं काहीच खोक्यावर लिहिलेलं नसतं. पहिल्यांदाच सिनेमे, गाणी, फोटो ठेवायला घरी सर्व्हर जुळवणारा माणूस नेमका त्या छापील आकड्याला भुलतो. म्हणून खरेदीच्या आधी दोन आकडे स्वतः काढायचे: आपल्याला खण किती लागतात, आणि आवडलेल्या कॅबिनेटमध्ये किती डिस्क खरोखर थंड चालतात. दुसरा आकडा बहुतेक वेळा छापलेल्यापेक्षा लहान निघतो.

आधी टीबी मोजा, मग खण

४के डिस्कवरून जसाच्या तसा उतरवलेला सिनेमा साधारण ५० ते ८० जीबी घेतो, साध्या ब्लू-रेवरचा २५ ते ४० जीबी. दर्जा न घटवता साठवलेली एक ऑडिओ सीडी ३०० ते ४०० एमबीत बसते, त्यामुळे गाण्यांची काळजी करू नका. जागा खातात ते सिनेमे आणि घरचे व्हिडिओ.

एक हिशेब करून पाहू. ४केचे १५० सिनेमे सरासरी ६० जीबीचे धरले तर ९ टीबी झाले. ब्लू-रेचे ४०० सिनेमे ३० जीबीने १२ टीबी. गाणी आणि फोटो मिळून २ टीबी. आजचा साठा २३ टीबी. पुढच्या तीन-चार वर्षांसाठी निम्मी भर घातली की ३५ टीबीच्या आसपास येतो. १२ टीबीच्या तीन डिस्कवर ३६ टीबी बसतात, दोन डिस्क पॅरिटीला (डिस्क मेल्यास डेटा परत मिळवण्याची राखीव सोय), म्हणजे एकूण पाच. हाच साठा ४ टीबीच्या डिस्कवर करायचा तर डेटाला नऊ आणि पॅरिटीला दोन, अशा अकरा लागतील. अकरा डिस्क म्हणजे अकरा साटा पोर्ट (डिस्कची डेटाची तार लावायच्या जागा), अकरा वीजजोडण्या, दुपटीहून जास्त उष्णता आणि बिघडू शकणाऱ्या गोष्टीही दुपटीहून जास्त. लहान डिस्क आधीच घरात पडून असतील तर गोष्ट वेगळी; नव्याने घ्यायच्या असतील तर कमी आणि मोठ्या घ्याव्यात.

१२ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १०.९ टीबी दिसते. डिस्क सदोष नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. हिशेबात ही ९ टक्क्यांची तूट आधीच धरा.

पॅरिटी म्हणजे एखादी डिस्क मेली तर तिच्यावरचा डेटा उरलेल्यांवरून पुन्हा उभा करता यावा म्हणून राखलेली जागा. अनरेड किंवा स्नॅपरेड हे साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर पॅरिटीची डिस्क सगळ्यांत मोठ्या डेटा डिस्कइतकी तरी हवी, मात्र डेटा डिस्क एकेक करून केव्हाही वाढवता येतात. झेडएफएस या दुसऱ्या साठा-प्रणालीच्या रेड-झेड, म्हणजे पॅरिटी असलेल्या, गटात प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कइतकीच धरली जाते. अशा गटात एकेक डिस्क वाढवण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून मिळाली; त्याआधीची आवृत्ती चालवत असाल तर गट पहिल्याच दिवशी पूर्ण भरावा लागेल. पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली फाइल ती परत देत नाही. घरच्या फोटोंची एक प्रत या पेटीबाहेर ठेवा.

एवढं झालं की खणांची संख्या ठरते: आजच्या डिस्क, पुढे वाढणाऱ्या डिस्क, आणि वर एक कायम रिकामा खण. हा रिकामा खण चैन वाटतो, पण एखादी डिस्क कुरकुरायला लागते आणि अजून मेलेली नसते, तेव्हा नवी डिस्क तिच्या शेजारी लावून डेटा सरळ उतरवून घेता येतो. खण नसेल तर आधी जुनी काढा, मग पॅरिटीवरून सगळं पुन्हा उभं करा, आणि त्या दीड-दोन दिवसांत दुसरी कुठली डिस्क दगावू नये म्हणून देवाची आळवणी करा. बहुतेक घरांना आठ खण पुरतात.

खण म्हणजे नेमकं काय

३.५ इंची डिस्क प्रत्यक्षात १०१.६ मिमी रुंद, १४७ मिमी लांब आणि २६.१ मिमी जाड असते, वजन साधारण ७०० ग्रॅम. २.५ इंची एसएसडी ७० मिमी रुंद, १०० मिमी लांब आणि बहुधा ७ मिमी जाड. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात '२.५/३.५' असं एकत्र लिहिलेले खण ३.५ इंचीत मोजायचे, आणि नुसते '२.५' लिहिलेले मीडियासाठी मोजायचेच नाहीत. ते बहुधा मदरबोर्डच्या मागच्या पत्र्यावर असतात.

५.२५ इंची खण हा पूर्वी सीडी-डीव्हीडी ड्राइव्हसाठी असे: १४६ मिमी रुंद, ४१ मिमी उंच. जुन्या मोठ्या टॉवरमध्ये पुढच्या बाजूला वरपासून खालपर्यंत हेच खण असतात आणि डिस्कसाठी ते सोनं आहे. तीन खणांत पाच डिस्कचा पिंजरा बसतो, दोन खणांत तीन डिस्कचा. नऊ खणांचा टॉवर मिळाला तर पंधरा डिस्क झाल्या. अडचण एकच: या खणांच्या आतल्या भिंतींवर डीव्हीडी ड्राइव्ह टेकायला पत्र्याच्या लहान जिभा बाहेर काढलेल्या असतात. एकसंध पिंजरा सरकवताना त्या आड येतात. पक्कडीने त्या भिंतीशी सपाट दाबाव्या लागतात. कॅबिनेट रिकामं असतानाच हे काम उरकून घ्या, नाहीतर पत्र्याचे कण मदरबोर्डवर पडतात.

नवख्यांना हमखास अडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रूची भोकं. जुन्या ३.५ इंची डिस्कच्या प्रत्येक बाजूला तीन भोकं असत. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये मधलं भोक गायब असतं, आणि तळाच्या चारांपैकी दोन भोकांची जागाही बदललेली असते. जुन्या ट्रेमध्ये नेमका मधल्या भोकात शिरणारा खुंट असेल तर नवी डिस्क नीट बसत नाही, दोन कोपऱ्यांवर कशीबशी लटकते. कॅबिनेट जुनं किंवा वापरलेलं घेत असाल तर ट्रेची भोकं पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

स्क्रूही दोन जातींचे असतात. ३.५ इंची डिस्कला ६-३२ मापाचा, रुंद आट्यांचा स्क्रू लागतो, २.५ इंची डिस्कला एम३, बारीक आट्यांचा. एम३ मोठ्या डिस्कमध्ये नुसता फिरत राहतो. ६-३२ एसएसडीत जबरदस्तीने घातला की आटे कायमचे जातात. दोन वेगळ्या डब्यांत ठेवा.

ढाचा कोणता

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० मिमी चौकोनी असतो आणि त्यावर कार्डासाठी एकच स्लॉट असतो. मायक्रो-एटीएक्स २४४ मिमी चौकोनी, एटीएक्स ३०५ बाय २४४ मिमी. मीडिया सर्व्हरला मायक्रो-एटीएक्स सगळ्यांत सोयीचा पडतो: एका स्लॉटमध्ये साटा कार्ड, दुसऱ्यात जलद नेटवर्क कार्ड, आणि तरी एखादा स्लॉट उरतो.

काही नावाजलेले ढाचे पाहिले की फरक कळतो. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ हे मिनी-आयटीएक्सचं लहान खोकं, सहा डिस्कचं. त्याच कंपनीचं नोड ८०४ चौकोनी, दोन दालनांचं: एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि छताला टांगलेल्या दोन पिंजऱ्यांत आठ डिस्क. मदरबोर्डच्या दालनात तळाला आणखी दोन डिस्क बसतात. डिस्कची उष्णता आणि प्रोसेसरची उष्णता वेगळ्या वाटांनी बाहेर जाते, हा या रचनेचा मोठा गुण. डिफाइन आर५ हा सरळ टॉवर: पुढे आठ ट्रे, वर ५.२५ चे दोन खण. डिफाइन ७ एक्सएलच्या माहितीपत्रकात १८ डिस्क लिहिलेल्या असतात, पण खोक्यात ट्रे सहाच मिळतात. बाकीचे वेगळे घ्यायचे. जॉन्सबोचं एन३ आणि सिल्व्हरस्टोनचं डीएस३८० हे दोन्ही आठ-आठ डिस्कचे, मिनी-आयटीएक्सचे, आणि दोन्हींना लहान आकाराचा एसएफएक्स एसएमपीएस लागतो. तो घेण्याआधी त्याच्यासोबत साटाची वीजटोकं किती येतात ते मोजा. बऱ्याच एसएफएक्समध्ये ती चार ते सहाच असतात आणि केबलही आखूड.

रॅकचं ४यू कॅबिनेट, म्हणजे १७८ मिमी उंचीचं आडवं, पंधरा किंवा त्याहूनही जास्त डिस्क घेतं. बैठकीच्या खोलीत मात्र ठेवू नका. त्याचे पंखे शेजाऱ्यांनाही ऐकू येतील.

वारा: मधल्या डिस्कचं काय

इथे घाई करू नका, कारण बहुतेक कॅबिनेटं इथेच नापास होतात.

७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) डिस्क चालू असताना ६ ते ९ वॅट खाते. अशा आठ डिस्क म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बइतकी उष्णता, आणि तीही बुटाच्या खोक्याएवढ्या जागेत. वारा नसेल तर कडेच्या डिस्क ३८ अंशांवर आणि मधल्या दोन ५० वर, असं चित्र दिसतं. उत्पादक बहुधा ६० अंशांची मर्यादा देतात, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ देऊ नका. ३० ते ४० उत्तम. ४५ च्या वर कायम राहत असेल तर रचना बदला. ५० दिसलं तर त्या दिवशी काम थांबवून कारण शोधा.

पंखा पिंजऱ्याच्या समोर आहे का, हा पहिला प्रश्न. असला तर तो पिंजऱ्याच्या पूर्ण उंचीला पुरतो का, हा दुसरा. १४० मिमीचा एक पंखा साधारण चार-पाच डिस्कची उंची झाकतो. आठ डिस्कच्या रांगेला दोन हवेत. पुढचं पान सपाट, बंद असेल आणि हवा फक्त कडेच्या फटींतून येत असेल तर पंखे कितीही चांगले घ्या, ते उपाशीच राहतात. जाळीचं पान घ्या. धूळ थोडी जास्त येते, म्हणून जाळीच्या मागे धुता येणारं फिल्टर असावं.

डिस्क-डिस्कमधली फट पाहा. ५ मिमीपेक्षा कमी असेल तर त्या फटीतून हवा ढकलायला दाबाचा पंखा लागतो, नुसता जास्त हवा फेकणारा चालत नाही. हवा नेहमी सोपी वाट धरते. पिंजऱ्याच्या वर, खाली किंवा कडेला मोठी मोकळी जागा असेल तर ती डिस्कना वळसा घालून निघून जाते, आणि पंखे जोरात फिरत असूनही डिस्क तापलेल्याच राहतात. यावर उपाय घरगुती आहे: ती मोकळी जागा पुठ्ठ्याने किंवा फोमच्या पट्टीने बुजवा. तासाभराच्या या कामाने मधली डिस्क पाच-सहा अंशांनी खाली येऊ शकते. पुठ्ठा पंख्याच्या पात्याला लागणार नाही आणि मदरबोर्डवर झुकणार नाही एवढं बघा.

वारा पोचतो का हे पाहायला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. सगळ्या डिस्क बसवून, पंखे चालू ठेवून, ती पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक फटीसमोर धरा. पट्टी मागे ढकलली गेली तर वारा आहे. जिथे ती लोंबकळत राहते तिथली डिस्क तापणार. कॅबिनेटचं बाजूचं पान उघडं असताना ही चाचणी फसवते, कारण हवा वाटेतच बाहेर पडते. तेवढ्यापुरता त्या जागी पुठ्ठा धरा आणि पट्टी मागच्या जाळीतून किंवा फटीतून सोडा.

आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. मदरबोर्ड पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतो. पॅरिटीची तपासणी चालू असते तेव्हा प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असतो आणि आठही डिस्क दिवसभर पळत असतात. मदरबोर्डला वाटतं सगळं शांत आहे, म्हणून तो पंखे मंद करतो, आणि डिस्क भाजून निघतात. म्हणून पिंजऱ्यासमोरच्या पंख्यांचा वेग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ठरावीक ठेवा. १४० मिमीच्या पंख्याला ७०० ते ९०० आरपीएम पुष्कळ झाले आणि आवाजही सोसवतो. डिस्कचं तापमान वाचून पंखे चालवणारी स्क्रिप्ट किंवा प्लगइन वापरता येत असेल तर उत्तमच.

वीज: सुरुवातीचे दहा सेकंद

चालू डिस्क ६ ते ९ वॅट खाते हे खरं, पण थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवातीचे काही सेकंद तिला १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर लागतात, म्हणजे २४ वॅट. आठ डिस्क एकदम उठल्या की १९२ वॅट. मदरबोर्ड आणि प्रोसेसरचे ६०-८० वॅट त्यात मिळवा. म्हणून आठ डिस्कसाठी ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो, ७५० वॅटचा लागत नाही. बारा डिस्कना ५५० घ्या.

वॅटपेक्षा जोडण्यांची संख्या आणि वाटणी जास्त महत्त्वाची. साटाच्या वीजटोकात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे एका टोकाची ताकद ४.५ अँपिअर. एका टोकाला चार फाटे फोडणारी केबल लावून चार डिस्क जोडल्या तर उठताना ८ अँपिअर मागितले जातात. टोक तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, आणि एक दिवस जळका वास येतो. एका साटा टोकाचे फार तर दोन फाटे करा. त्याहून जास्त लागले तर एसएमपीएसचीच आणखी एक पूर्ण केबल वापरा किंवा मोलेक्स (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या) टोकावरून घ्या. मोलेक्सच्या पिना जाड असतात, त्यांना जास्त प्रवाह झेपतो.

मोलेक्सवरून साटा करणाऱ्या जोडण्याही दोन प्रकारच्या येतात. एकीत चारही तारा प्लास्टिकच्या सलग ओतलेल्या गोळ्यात शिरलेल्या दिसतात. ही घेऊ नका. आत तारा एकमेकींच्या जवळ सरकून शॉर्ट होऊ शकतात आणि आग लागल्याची उदाहरणं सर्वश्रुत आहेत. दुसरीत प्रत्येक तार स्वतंत्र खोबणीत दाबून बसवलेली दिसते आणि मागे उघडता येणारी टोपी असते. ही चालते.

बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली डिस्क लावल्यावर ती उठतच नाही, आवाजही करत नाही, असं झालं तर ती मेली असं समजू नका. नव्या साटा मानकात वीजटोकाची तिसरी पिन डिस्क बंद करण्याचा इशारा देण्यासाठी वापरली जाते, आणि काही एसएमपीएस त्या पिनेवर ३.३ व्होल्ट सतत देत राहतात. डिस्क बिचारी कायम बंदच राहते. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक टेपची) बारीक पट्टी चिकटवा, किंवा वरची मोलेक्सची जोडणी वापरा, तिच्यात ३.३ व्होल्टची तार मुळातच नसते.

आणि हे विसरू नका: एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावायच्या नाहीत. टोक बसतं, म्हणून लोक लावतात. पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एका क्षणात जातात, पॅरिटीसकट.

पोर्ट: खण आहेत, पण तारा कुठे लावणार

बहुतेक मदरबोर्डवर चार ते सहा साटा पोर्ट असतात. त्यांतले एक-दोन एम.२ एसएसडी (मदरबोर्डवरच सपाट बसणारी) लावल्यावर बंद पडतात. कोणते, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत तक्त्यात दिलेलं असतं. खरेदीआधी ती पुस्तिका उतरवून तो तक्ता वाचा.

जास्त पोर्टसाठी दोन रस्ते. लहान वाढीसाठी एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड किंवा जेएमबी५८५ चिपचं पाच पोर्टचं कार्ड. दोन्ही पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटच्या दोन लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतात, म्हणजे साधारण २ जीबी प्रतिसेकंद. सहा डिस्कना ते पुरतं. स्वस्तात दहा-सोळा पोर्ट देणारी कार्डं टाळा. त्यांत बहुधा एकाच पोर्टला फाटे फोडणारी चिप असते, आणि ती अडकली की चार-पाच डिस्क एकदम गायब होतात.

मोठ्या वाढीसाठी सर्व्हरमधून निघालेलं एचबीए कार्ड (बऱ्याच डिस्क एकदम जोडायचं कार्ड), उदाहरणार्थ एलएसआयचं ९२०७-८आय किंवा ९३००-८आय. नावातला '८आय' म्हणजे आत आठ जोडण्या. ते 'आयटी मोड'मध्ये हवं, म्हणजे कार्ड स्वतःचा रेड (अनेक डिस्क मिळून एक करण्याची रचना) न लादता प्रत्येक डिस्क सरळ संगणकाला दाखवतं. ९२०७ ला एसएफएफ-८०८७ टोकाची केबल लागते, ९३०० ला एसएफएफ-८६४३ ची, आणि दुसऱ्या बाजूला चार साटा टोकं. ही केबल 'फॉरवर्ड ब्रेकआउट' लिहिलेलीच घ्या. 'रिव्हर्स' हुबेहूब तशीच दिसते आणि एकही डिस्क दिसू देत नाही. फार जुन्या एसएएस १०६८ई चिपचं कार्ड फुकट मिळालं तरी घेऊ नका, २ टीबीच्या पुढची क्षमता त्याला कळत नाही.

ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा तुकडा) हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि मग डिस्क मधूनच हरवतात, चुका दिसतात, दोष मात्र डिस्कवर ढकलला जातो. हीटसिंकवर ४० मिमीचा लहान पंखा बसवा किंवा शेजारच्या स्लॉटच्या आधाराने ८० मिमीचा टेकवा.

हॉट-स्वॅप हवंच का

हॉट-स्वॅपचे, म्हणजे यंत्र चालू असतानाच पुढून ओढून काढता येणारे, ट्रे दिसायला देखणे असतात. मागे बॅकप्लेन नावाची पट्टी असते, तिला वीज आणि साटा केबल एकदाच जोडायच्या, मग डिस्क नुसती सरकवायची. डिस्क बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. पण बॅकप्लेन वाऱ्याची वाट अडवते. तिच्या पत्र्यावर भोकं किती मोठी आहेत ते पाहा, नखाएवढीच असतील तर आठ डिस्क त्यात तापणारच. घरी डिस्क वर्षातून एखादेवेळी बदलते. तेवढ्यासाठी यंत्र बंद करून पान उघडायला काय हरकत आहे? आमचं मत साध्या ट्रेच्या बाजूने.

आवाजाचं थोडक्यात. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, त्यामुळे १२० हर्ट्झची गुणगुण येते. दोन डिस्कचा वेग किंचित वेगळा असला की ती गुणगुण एका लयीत चढते-उतरते, आणि रात्री हेच जास्त खुपतं. ट्रेमध्ये रबरी वॉशर असावेत, पत्रा दाबल्यावर लवणारा नसावा. कॅबिनेट लाकडी पोकळ कपाटावर ठेवू नका, ते ढोलासारखं घुमतं.

बसवण्याचा क्रम

१. कॅबिनेट रिकामं असताना पंखे बसवा, पत्र्याच्या जिभा वाकवा, कचरा झटकून घ्या.

२. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि साटा कार्ड बाहेर टेबलावर जोडून एकदा चालू करा. बायोस दिसला की मगच आत बसवा.

३. सगळ्या डिस्क भरण्याआधी एकच डिस्क सर्वांत वरच्या, मधल्या आणि सर्वांत खालच्या खणात आळीपाळीने घाला, दोन्ही केबल लावा आणि बाजूचं पान बंद होतं का पाहा. डिस्कच्या टोकापासून पानापर्यंत २५-३० मिमी जागा नसेल तर सरळ टोकाच्या केबल दाबल्या जातात. मग ९० अंशात वळलेल्या टोकांच्या केबल लागतील; त्या कोणत्या बाजूला वळतात तेही पाहा, चुकीच्या बाजूला वळलेलं टोक शेजारच्या डिस्कची जागा अडवतं.

४. प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे कागदी पट्टीवर लिहा आणि ट्रेच्या बाहेरून दिसणाऱ्या कडेला चिकटवा. हे आज केलं नाही तर ज्या दिवशी एक डिस्क मरेल त्या दिवशी चांगली डिस्क उपटली जाते.

५. प्रत्येक डिस्कला चार स्क्रू लावा. रबरी वॉशर किंचित फुगेल इतकंच आवळा. चपटा झाला तर रबराचा उपयोग संपला.

६. खण अर्धेच भरणार असाल तर एकाआड एक भरा. चार डिस्क एका टोकाला दाटीवाटीने लावून चार खण मोकळे ठेवणं हा वाऱ्याचा अपव्यय.

७. आधी वीजकेबल लावा, मग साटा. वीजकेबलच्या दोन टोकांत बरंच अंतर असतं आणि डिस्क जेमतेम बोटभर अंतरावर, त्यामुळे मध्ये केबलचे पिळे जमतात. ते पिंजऱ्याच्या बाजूला ओढून पट्टीने बांधा, फटींच्या तोंडाशी सोडू नका. साटा केबल क्लिपवाल्या घ्या आणि क्लिप बसल्याचा बारीक 'टक' ऐकू आल्याशिवाय हात काढू नका.

चालू केल्यावर काय पाहायचं

बायोसमध्ये सगळ्या डिस्क मोजा. पहिल्या वेळी एक-दोन गायब आणि यंत्र बंद न करता रीस्टार्ट केल्यावर हजर, असं होत असेल तर डिस्क एकदम उठताना वीज कमी पडतेय. फाटे कमी करा, डिस्क दोन-तीन वीजकेबलवर वाटा. तुमच्या एचबीएच्या सेटिंगमध्ये डिस्क एकामागून एक उठवायची सोय असेल तर ती चालू करा.

डेटा टाकण्याआधी प्रत्येक डिस्कवर स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लांब चाचणी लावा. १२ टीबीची डिस्क २०० एमबी प्रतिसेकंदाने पूर्ण वाचायला सोळा-सतरा तास जातात, तेव्हा संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी पाहा. मग स्मार्टच्या यादीतले चार आकडे टिपून ठेवा. क्रमांक ५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे), १९७ वाचायला अडखळणारे सेक्टर, १९८ वाचताच न आलेले सेक्टर. नव्या डिस्कवर हे तिन्ही शून्य हवेत. नसतील तर डिस्क परत करा. १९९ वेगळा आहे: तो तारेवरच्या चुका मोजतो. वाढत असेल तर डिस्क निर्दोष धरा आणि साटा केबल बदला. हा आकडा केबल बदलल्यावरही मागे जात नाही, म्हणून आजचा किती हे लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का एवढंच पाहा.

ही लांब चाचणी सगळ्या डिस्कवर एकदम लावणं हीच तापमानाचीही परीक्षा आहे. बाजूचं पान बंद, यंत्र त्याच्या कायमच्या जागी, कपाटात ठेवणार असाल तर कपाटाचं दार बंद. सहा तासांनी सगळ्यांची तापमानं ओळीने लिहा. सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत गरम डिस्कमध्ये पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर टिश्यूची पट्टी पुन्हा काढा. रिकामे ठेवलेले खण पुढे भराल तेव्हाही हीच परीक्षा पुन्हा घ्या. पाच डिस्कना जो वारा भरपूर होता, तो सातवी बसल्यावर मधल्या दोघींना कमी पडतो.